प्रस्थानाचा दिवस

लांबच्या प्रवासाचा मुहूर्त आणि प्रत्यक्ष निघण्याची सोय यांचा मेळ बसेनासा झाला, म्हणजे आमच्या वडीलधाऱ्या पिढीतील माणसे ‘प्रस्थान’ ठेवीत. स्वच्छ वस्त्रात थोडे तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि एखादे नाणे बांधून ते लहानसे गाठोडे मुहूर्ताच्या घटकेला उंबरठ्याबाहेर न्यावयाचे, शेजाऱ्याच्या घरी अथवा देवळात ठेवावयाचे, आणि मग यजमान दोन दिवसांनी निघाले तरी प्रवासाला आरंभ त्या गाठोड्यानेच झाला असे समजावयाचे, असा तो शिरस्ता होता. मुहूर्तावर आपली श्रद्धा असो वा नसो, या रिवाजात व्यवहाराचे एक मोठे शहाणपण साठलेले आहे; कारण ज्याचे प्रस्थान आधीच बाहेर पडलेले असते, तो मनुष्य निघण्याच्या दिवशी गडबडत नाही.

आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून आगबोटीने निघाल्या आणि जूनच्या आरंभी न्यूयॉर्कला पोहोचल्या. त्या दोन महिन्यांच्या जलप्रवासात मागे राहिलेल्या घराचा विचार करण्यास आणि पुढे येणाऱ्या मुलखाची मनाला ओळख करून देण्यास भरपूर अवधी होता. आज मुंबईहून थेट सुटणारे विमान तेच न्यूयॉर्क साधारण सोळा तासांत गाठते. प्रवास असा आखडत गेला, तसतशी त्याची सारी तयारी, साऱ्या आठवणी आणि सारी धास्ती घरातील शेवटच्या एका दिवसात येऊन साचू लागली. आणि साठी-सत्तरीच्या माणसांना समुद्रापलीकडच्या मुक्कामापेक्षाही जड जातो तो हाच दिवस.

महाराष्ट्रातील कितीतरी घरांतून आज निवृत्त दांपत्ये लेकीच्या बाळंतपणासाठी, मुलाच्या नव्या घरी, अथवा केवळ नातवंडांच्या ओढीने पाच-सहा महिन्यांसाठी अमेरिकेस जातात. त्यांच्यासाठी हा लेख आहे. पुण्याहून ऑक्टोबरच्या मध्यास निघून एप्रिलमध्ये परतणारे एक दांपत्य डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे. आम्ही उभयतांनी अशा तीन खेपा केल्या असून, पहिल्या खेपेस जे चुकले आणि नंतरच्या खेपांत जे सुधारले, त्याचा हा गोषवारा. त्यातील मुख्य सूत्र प्रथमच सांगून टाकतो: निघण्याच्या दिवशी घरात नवीन काही आणू नये व नवीन काही ठरवू नये; जे आधीच जमवले व ठरवले आहे, त्याची त्या दिवशी फक्त पडताळणी करावी.

निघण्याची खरी तारीख

पडताळणीचा आरंभ दिनदर्शिकेपासून करावा. मुंबईहून पश्चिमेकडे जाणारी पुष्कळ विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात आणि येथेच अनेकांची फसगत होते. तिकिटावर ‘१५ ऑक्टोबर, १.३०’ असे छापलेले असेल, तर चौदाची रात्र संपल्यावर लगेच सुरू होणारी ती पंधरा तारीख होय. अर्थात विमानतळावर चौदा तारखेच्याच रात्री साडेदहापर्यंत पोहोचलेले असावयास हवे. पंधराच्या रात्री बॅगा घेऊन निघालेली माणसे एक अहोरात्र उशिरा पोहोचतात, आणि त्या चुकीला कोठेही दाद मिळत नाही. यासाठी भिंतीवरील दिनदर्शिकेत उड्डाणाच्या तारखेवर खूण न करता घरातून निघण्याच्या तारखेवर करावी व तिच्यापुढे घर सोडण्याची वेळ ठळक लिहावी.

ती वेळ उलट्या हिशेबाने काढावी. आंतरराष्ट्रीय उड्डाणापूर्वी तीन तास पोहोचावे हा संकेत आहे आणि सामान स्वीकारण्याची खिडकी साधारणपणे उड्डाणाच्या एक तास आधी बंद होते. पुण्याहून सहारच्या विमानतळाचे अंतर सुमारे दीडशे किलोमीटर. रस्ता मोकळा असता चार तास पुरतात. पण द्रुतगती मार्गावर घाटात एखादा मालट्रक आडवा झाला, किंवा शुक्रवारची संध्याकाळ गाठली, तर हेच अंतर सहा तास मागते. म्हणून दीडच्या विमानासाठी दुपारी चार वाजता घराला कुलूप लागले पाहिजे. लवकर पोहोचून विमानतळावर बाकावर बसणे कंटाळवाणे खरे, परंतु घाटात गाडीच्या काचेतून घड्याळाकडे पाहत बसण्यापेक्षा ते फार सुसह्य आहे. गाडीवाल्याशी आदल्या संध्याकाळी बोलून वेळ, पत्ता आणि बॅगांची संख्या पुन्हा सांगावी. चार मोठ्या बॅगा मावतील अशी गाडी आहे ना, याची खातरजमा त्याच वेळी करून घ्यावी.

कागदांचे दप्तर

घर सोडण्याची वेळ चारची ठरली, म्हणजे सकाळचा पहिला प्रहर, जेव्हा डोके ताजे असते व दारावरची घंटा अजून वाजू लागलेली नसते, तो कागदांना द्यावा. जेवणाचे टेबल पूर्ण रिकामे करून त्यावर प्रत्येकाचे कागद वेगवेगळे मांडावेत. दोघांचे कागद एकाच पिशवीत आणि ती पिशवी यजमानांच्याच खांद्याला, ही आपल्याकडील जुनी पद्धत येथे सोडून द्यावी. रांगेत दोघे वेगळे पडतात, चाकाच्या खुर्चीवरून एकाला पुढे नेतात, आणि बाईमाणसाच्या हातात स्वतःचा पासपोर्टही नसतो, असे होता कामा नये. प्रत्येकाचे दप्तर प्रत्येकाजवळ असावे.

त्या दप्तरात पहिला मान पासपोर्टाचा. त्याची मुदत केव्हा संपते हे काही महिने आधीच पाहिलेले असते. अनेक देश प्रवेशानंतर निदान सहा महिने मुदत शिल्लक असण्याची अट घालतात, म्हणून वाटेत विमान बदलावयाचे असल्यास त्या देशाचाही नियम पाहून ठेवलेला बरा. अमेरिकेचा व्हिसा जुन्या, रद्द झालेल्या पासपोर्टात असेल व त्याची मुदत बाकी असेल, तर नवा आणि जुना असे दोन्ही पासपोर्ट बरोबर न्यावे लागतात. जुना रद्द झाला म्हणून कपाटात राहिला, तर व्हिसाही कपाटातच राहिला. तिकिटावरील नाव पासपोर्टातील नावाशी अक्षरशः जुळवावे. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे अथवा पतीचे नाव आणि आडनाव अशी तीन पदरी रचना असते, शिवाय विवाहानंतर बायकांची नावे बदललेली असतात. त्यामुळे एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरे नाव आढळण्याचा संभव आपल्या घरांत अधिक.

यानंतर परतीचे तिकीट, प्रवासविम्याचा कागद, मुलाचा अथवा मुलीचा संपूर्ण पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक. हे सर्व मोबाईलमध्ये असतेच. तरीही ते एका कोऱ्या कागदावर शाईने लिहून पासपोर्टाच्या घडीत ठेवावे, कारण सोळा तासांच्या प्रवासाअखेर मोबाईलची बॅटरी संपलेली असते आणि थकलेल्या मनाला पाठ असलेला क्रमांकही आठवत नाही. अमेरिकेत उतरल्यावर अधिकारी विचारतो त्याची उत्तरे थोडक्यात आणि खरी द्यावीत: कोणाकडे आलात, किती दिवस राहणार, परत केव्हा जाणार. व्हिसा दहा वर्षांचा असला, तरी या खेपेस किती काळ राहावयाचे याची मुदत तोच अधिकारी ठरवतो. ती बहुधा सहा महिन्यांची असते व ‘आय-९४’ नावाच्या नोंदीत लिहिली जाते. मुलांकडे पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यातच ती नोंद संगणकावर पाहून शेवटची तारीख लिहून ठेवावी.

पैशाविषयी थोडक्यात. आपल्या बँकेच्या कार्डावरील परदेशी व्यवहाराची सोय बहुधा बंद ठेवलेली असते. ती स्वतः चालू करावी लागते आणि तिची मर्यादाही स्वतः ठरवावी लागते. चलनी नोटांच्या रूपाने एका प्रवासासाठी ३,००० डॉलरपर्यंत रक्कम नेता येते, पण मुलांकडे जाणाऱ्यास दोन-तीनशे डॉलर सुटे पुरेसे होतात. परत येताना टॅक्सीसाठी लागणारे भारतीय रुपये वेगळ्या पाकिटात ठेवावेत. अशा नोटा २५,००० रुपयांपर्यंत बरोबर नेण्यास मुभा आहे. अंगावर मोलाचे दागिने घालून जावयाचेच असतील, तर निघताना विमानतळावरील सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून त्यांचा निर्यात दाखला घ्यावा, म्हणजे परतताना ते दागिने तिकडे खरेदी केल्याचा संशय येऊन जकातीचा प्रश्न उपस्थित होत नाही. माझे मत विचाराल तर मंगळसूत्र आणि नेहमीच्या दोन बांगड्या सोडून बाकी सर्व बँकेच्या लॉकरमध्ये सुखरूप असू द्यावे.

सामान आणि वजनकाटा

बॅगा भरण्याचे काम आदल्या संध्याकाळी संपलेले असले पाहिजे. भारतातून अमेरिकेस जाताना प्रत्येकी तेवीस किलोच्या दोन बॅगा ही मर्यादा पुष्कळ तिकिटांवर आढळते. तरीही आपल्या तिकिटावर काय लिहिले आहे तेच प्रमाण मानावे, कारण स्वस्त तिकिटांवर एकाच बॅगेची परवानगी असते. कोणतीही एक बॅग बत्तीस किलोंहून जड असू नये हा नियम ती उचलणाऱ्या कामगारांच्या पाठीच्या काळजीतून आलेला आहे; जादा पैसे मोजूनही तो सहसा शिथिल होत नाही.

हाताने उचलून वजनाचा अंदाज बांधणे हा सर्वांत मोठा भ्रम. आमच्या पहिल्या खेपेस चारही बॅगा ‘बरोबर वीस-बावीस’ भरल्या आहेत असे मी ठामपणे सांगत होतो. विमानतळावर काट्याने त्यातील एक सव्वीस आणि दुसरी साडेचोवीस दाखवली. त्यानंतरचा अर्धा तास मी विसरू शकत नाही. त्या लखलखीत फरशीवर बॅग उताणी उघडलेली, सभोवार लोक, लेकीसाठी सहा महिने जमवलेल्या डिंकाच्या लाडवांचा डबा एका हातात आणि बाळाच्या दुपट्ट्यांची चळत दुसऱ्या हातात धरून ‘यातले काय काढू?’ असे विचारणारी माझी पत्नी. लाडू गेले, पण त्याहून मला तिच्या चेहऱ्यावरील ते अवघडलेपण लागले. परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी हुकाला अडकवून लटकवावयाचा लहानसा वजनकाटा आणला. बॅग भरून झाली की ती काट्याला अडकवावी, दोघांनी मिळून जमिनीपासून चार बोटे वर उचलावी, आकडा स्थिरावू द्यावा आणि तो कागदाच्या पट्टीवर लिहून बॅगेच्या मुठीला बांधावा. तेवीसची मर्यादा असेल तेथे बावीसवर हात आवरावा. घरचा काटा आणि तिकडचा काटा यांत अर्ध्या किलोचा फरक पडतोच.

खाद्यपदार्थांचा प्रश्न आपल्या लोकांच्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. ज्यांना आपण प्रेमाने काही नेतो त्यांच्यापर्यंत ते पोहोचावे, यासाठीच नियम समजून घ्यावयाचे. अमेरिकेत तांदूळ प्रवाशाच्या सामानातून नेता येत नाही, मग तो आंबेमोहर असो वा इंद्रायणी. कारण धान्यकोठारांचा नाश करणारा खापरा भुंगेरा आपल्याकडील धान्यातून तेथे शिरेल अशी त्यांची भीती आहे. ताजा कढीपत्ता तर मुळीच नेऊ नये. कढीपत्ता हा लिंबू-संत्र्याच्याच कुळातला. त्याच्या पानांवरून येणारा एक सूक्ष्म कीटक तेथील संत्र्यांच्या बागांना मारक असलेला रोग पसरवतो, आणि म्हणून आपण फोडणीसाठी नेलेली एक डहाळी हा त्यांच्या शेतीचा प्रश्न होतो. ताजी फळे, भाज्या, बियाणे, मांस-मासळी वर्ज्य समजावी. दुग्धजन्य पदार्थांविषयीचे नियम कडक आहेत. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तेलामुळे आपोआप तापून पेट घेऊ शकतात, म्हणून त्या विमानातच चालत नाहीत.

मग न्यावे काय? गोडा मसाला, मेतकूट, भाजलेले-दळलेले कोरडे जिन्नस, शेंगदाण्याची चटणी, सांडगी मिरची यांसारखे टिकाऊ पदार्थ हवाबंद पाकिटांत भरून, प्रत्येकावर नाव इंग्रजीत लिहून मोठ्या बॅगेत घालावेत. लोणचे न्यावयाचेच असेल, तर तेही मोठ्याच बॅगेत, बरणीच्या तोंडाला प्लास्टिक बांधून आणि दुहेरी पिशवीत. उतरल्यावर ‘खाण्याचे काही आणले आहे का?’ असे विचारले की ‘हो’ म्हणावे. जाहीर केलेला पदार्थ नियमात बसला नाही तर तो काढून घेतात आणि प्रवाशास सोडतात. दडवलेला सापडला तर दंड होतो, आणि वयोवृद्ध माणसांना त्याहून जड जातो तो अपमान.

हातातील बॅगेची शिस्त निराळी. द्रव पदार्थ शंभर मिलिलिटरच्या आतील बाटल्यांत, आणि त्या सर्व एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत, हा नियम २००६ मध्ये लंडनमध्ये उघडकीस आलेल्या कटानंतर जगभर रूढ झाला. मोबाईल भारण्याची पॉवर बँक मात्र याच्या उलट केवळ हातातील बॅगेतच ठेवावी लागते. मोठ्या बॅगेत ती सापडली तर बॅग अडकून पडते. तिची क्षमता शंभर वॅट-अवरच्या आत असावी. बाजारात मिळणारी वीस हजार एमएएचची पॉवर बँक सुमारे चौऱ्याहत्तर वॅट-अवरची असते, म्हणून ती चालते. येथील मिक्सर नेण्याचा मोह टाळावा. आपली वीज २३० व्होल्टची आणि अमेरिकेतील १२० व्होल्टची असल्यामुळे आपला मिक्सर तेथे नीट चालत नाही; हाताने फिरवावयाचे पुरणयंत्र मात्र कोणत्याही देशात चालते.

औषधे आणि शरीर

औषधांविषयीची माझी सूचना एका वाक्यात मावते: रोज लागणारे औषध एक दिवसही आपल्या हातापासून दूर जाऊ देऊ नये. आमच्या दुसऱ्या खेपेस रक्तदाबाच्या गोळ्यांची पिशवी मी नीटनेटकेपणाच्या भरात मोठ्या बॅगेच्या तळाशी ठेवली, आणि नेमकी तीच बॅग आमच्या विमानाने आली नाही. ती दोन दिवसांनी आली. ते दोन दिवस जावयाने धावपळ करून निभावून नेले. पण परक्या देशात दुसऱ्या कोणाच्या चिठ्ठीवर औषध मिळत नाही, हे त्या वेळी मला नीट समजले. तेव्हापासून निदान पंधरा दिवसांची औषधे हातातील बॅगेत आणि उरलेली मोठ्या बॅगेत, अशी वाटणी आम्ही करतो. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर ते पूर्णच हातात ठेवावे; विमानाच्या पोटातील थंडीत ते गोठून निकामी होण्याचा धोका असतो.

औषधे मूळ वेष्टनातच असावीत, सुट्या गोळ्या डबीत भरू नयेत. डॉक्टरांकडून इंग्रजीत चिठ्ठी घ्यावी आणि तीत औषधाचे बाजारी नाव न लिहिता मूळ घटकाचे नाव लिहवून घ्यावे, कारण आपल्याकडील बाजारी नावे तेथील डॉक्टरांना परिचित नसतात. अमेरिकेत वैयक्तिक वापराची औषधे साधारण नव्वद दिवसांपुरती आणावीत असा संकेत आहे. सहा महिन्यांचा मुक्काम असणाऱ्यांनी डॉक्टरांच्या पत्रात मुक्कामाचा काळही नमूद करून घ्यावा आणि पुढील तीन महिन्यांची तजवीज मुलांशी आधीच बोलून ठेवावी. ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते आणि नोव्हेंबरच्या आरंभी तेथील घड्याळे बदलली की साडेदहा तास. तेव्हा सकाळची गोळी प्रवासात केव्हा घ्यावयाची, हे स्वतःच्या तर्काने न ठरवता डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्यावे.

गुडघे दुखत असतील, तर चाकाच्या खुर्चीची मागणी विमान कंपनीकडे निदान दोन दिवस आधी नोंदवावी. तीत कमीपणा मानू नये. या विमानतळांवरील अंतरे तरुणांनाही थकवणारी असतात. विमानात चार तासांहून अधिक काळ एकाच जागी बसल्याने पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, म्हणून तासा-दोन तासांनी उठून चार पावले चालावे, बसल्या जागी घोटे फिरवावेत आणि पाणी पीत राहावे. निघण्याच्या दिवशी जेवण साधे असावे. वरणभात, ताक, एखादी भाजी एवढेच करून बाकी स्वयंपाकघर दुपारी बाराच्या आत आवरते घ्यावे, आणि जेवणानंतर दोघांनीही निदान एक तास आडवे व्हावे. त्या दिवशी विश्रांतीसाठी वेळ नाही असे वाटते. पण पुढील संपूर्ण रात्र आणि तिला जोडून येणारा लांबलचक दिवस याच एका तासावर निभवावयाचा असतो.

घराचा बंदोबस्त

विश्रांतीनंतरचा वेळ घराचा. सहा महिने बंद राहणारे घर आणि चार दिवस बंद राहणारे घर यांत मोठा फरक आहे. फ्रिज आदल्या दिवशीच रिकामा करून, पुसून, बंद करावा आणि त्याचे दार बोटभर उघडे ठेवावे, नाहीतर आत बुरशी धरते. गॅसचा रेग्युलेटर काढून सिलिंडरला टोपण लावावे. पाण्याचा मुख्य कॉक बंद करावा. एका गळक्या नळामुळे खालच्या मजल्यावरील बिऱ्हाडाचे छत भिजलेले मी पाहिले आहे. कपाटांत कडुनिंबाचा पाला अथवा डांबराच्या गोळ्या ठेवाव्यात, डबे रिकामे करून उन्हात वाळवावेत. देवापुढील निरंजन शेवटी शांत करून मगच मुख्य विजेचे बटण बंद करावे. तुळशीचे वृंदावन गॅलरीत असेल तर कुंडीसह शेजारी द्यावे. बंद दारामागे वाळलेली तुळस परत आल्यावर मनाला लागते.

वर्तमानपत्र व दूध बंद करणे सर्वांना आठवते. न आठवणाऱ्या गोष्टी पुढच्या महिन्यांत दडलेल्या असतात. वीजबिल, मालमत्ता कर, सोसायटीची वर्गणी, विम्याचे हप्ते यांतील कोणते ऑक्टोबर ते एप्रिल या काळात येतात, याची यादी करून ते बँकेतून आपोआप जातील अशी व्यवस्था करावी. निवृत्तिवेतनधारकांनी नोव्हेंबरातील हयातीचा दाखला विसरू नये. तो दिला गेला नाही तर पेन्शन थांबते. ऐंशी वर्षांवरील पेन्शनरांना तो ऑक्टोबरमध्येच देण्याची सवलत आहे, म्हणून त्यांनी निघण्यापूर्वीच हे काम उरकावे. बाकीच्यांना ‘जीवन प्रमाण’ या सुविधेने मोबाईलवर चेहरा दाखवून तो देता येतो. जमल्यास येथेच एकदा ती पद्धत करून पाहावी. आपला भारतीय मोबाईल क्रमांक सहा महिने जिवंत राहील एवढे रिचार्ज अगोदर करावे, कारण बँकेचे सांकेतिक आकडे त्याच क्रमांकावर येतात आणि तो बंद पडला की स्वतःच्याच पैशाला हात लावता येत नाही. घराचे अथवा जमिनीचे एखादे काम मध्येच उद्भवण्यासारखे असेल, तर विश्वासू नातेवाइकाच्या नावे मुखत्यारपत्र करण्याचा विचार वकिलाशी बोलून करावा. परंतु तो विचार महिनाभर आधी, शेवटच्या दुपारी नव्हे.

शेवटचे दोन तास

दुपारी दोननंतर भेटीला येणारी माणसे ही आपल्या समाजाची श्रीमंती आहे आणि निघणाऱ्यांची परीक्षाही. बहीण येते, व्याही येतात, शेजारच्या ताई ‘माझ्या भाच्यासाठी एवढेच न्या’ म्हणून एक पुडी घेऊन येतात. या पुडीविषयी कठोर राहावे. जी वस्तू आपण स्वतः उघडून पाहिली नाही, ती आपल्या बॅगेत जाता कामा नये. विमानतळावर तुमची बॅग तुम्हीच भरली का असे विचारतात आणि त्याचे उत्तर खरे असावे लागते. ‘ताई, पुढच्या खेपेस आधीपासून जागा ठेवीन’ असे म्हटले तर कोणाचाही राग होत नाही. भेटीस येणाऱ्यांना आदल्या दिवशी बोलावणे उत्तम; निघण्याच्या दुपारी घरात एक-दोन निकटचीच माणसे असावीत, आणि त्यांतील एकाच्या हाती यादी द्यावी.

ही यादी म्हणजे त्या दिवसाचा खरा कारभारी. तीत दहा-बाराच ओळी असाव्यात: दोघांचे पासपोर्ट, जुना पासपोर्ट, औषधे, चष्मा, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या, मोबाईल व तो भारावयाची तार, पैसे, गॅस, पाणी, वीज, खिडक्या, किल्ली. एकाने मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने ती वस्तू हाताने स्पर्श करून ‘आहे’ म्हणावे. मनात आठवण्यावर विसंबू नये. थकलेले मन ‘ठेवले असेल’ असे सांगते, आणि त्या ‘असेल’मध्येच घात असतो. आमच्या घरी आता माझी पत्नी वाचते आणि मी हात लावतो. पहिल्या खेपेच्या त्या फरशीवरील अर्ध्या तासानंतर सर्व सूत्रे तिने आपल्याकडे घेतली, आणि तेव्हापासून आमच्या प्रवासाला शिस्त आली.

यादीतील शेवटचा शब्द किल्ली. कुलूप लावल्यावर आम्ही ती समोरच्या बिऱ्हाडी देतो. किल्लीच्या जुडग्याबरोबर एक कागद असतो: पाण्याचा कॉक कोठे आहे, विजेचे बटण कोणते, प्लंबरचा क्रमांक, मुलीचा क्रमांक, महिन्यातून एकदा खिडक्या उघडून घराला वारा द्यावा ही विनंती. त्यांच्याच गॅलरीत आमची तुळस सकाळीच गेलेली असते. पूर्वीचे लोक तांदूळ-सुपारीचे गाठोडे शेजारी नेऊन ठेवीत, ते मुहूर्तासाठी असे आम्ही मानत आलो. समोरच्या वहिनी किल्ली देवाजवळ ठेवतात आणि तुळशीला पाणी घालतात ते पाहिले, की त्या गाठोड्याचे आणखी एक प्रयोजन ध्यानात येते. आपल्या घराचा एक अंश शेजारच्या घरात राहतो आणि त्याच्या भरवशावर माणूस समुद्र ओलांडतो. म्हणून वाचकहो, यादीतील बाकी सर्व ओळी चार दिवसांत होतील, पण किल्ली ज्याच्या हाती निःशंकपणे देता येईल असा शेजार मात्र वर्षानुवर्षे जोडावा लागतो. प्रवासाची तयारी तेथून सुरू करा.